गुरुवारची वही

माझ्याकडे दोन वह्या आहेत. एक कपाटात कुलपात असते. दुसरी ज्याला हवी त्याला दाखवते, फोटोही काढू देते. गेल्या महिनाभरात तीन ठिकाणांहून निरोप आले, "बाई, तुमची ती बेघरांची यादी पाठवा ना." तिघांनाही दुसऱ्या वहीची पानं पाठवली आणि तिघेही नाराज झाले. त्यांना पहिली हवी होती. ती का देत नाही हे फोनवर सांगता सांगता दमले, म्हणून इथे एकदा सविस्तर लिहून ठेवते.

मी प्राथमिक शाळेत शिकवायचे. म्हणजे ओघानं मतदारयाद्या, पल्स पोलिओ आणि जनगणना हेही माझ्याकडे आलंच. २०११ साली मी प्रगणक होते. ९ फेब्रुवारीपासून घरोघर फिरून झालं आणि २८ फेब्रुवारीच्या रात्री ज्यांना घरच नाही त्यांची मोजणी होती. रस्त्याकडेला, फुटपाथवर, सिमेंटच्या पाइपात, उड्डाणपुलाखाली, जिन्याखाली, देवळाच्या आवारात, रेल्वेच्या फलाटावर उघड्यावर राहणारे, अशी सगळी व्याख्या प्रशिक्षणात वाचून दाखवली होती. माझ्या वाट्याला गंगेवरचा एक पट्टा आला. नाशिकबाहेरच्यांसाठी सांगते, आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो, आणि घाटावर जाणं म्हणजे गंगेवर जाणं.

रात्री अकराच्या पुढची वेळ. पायऱ्यांच्या वरच्या अंगाला एक मोठी गोधडी पसरलेली. बरोबरचे सर म्हणाले, "एक लिहा, पुढे चला." तेवढ्यात गोधडीतून खोकला आला, बारीक पोराचा. मी खाली बसले आणि हाक मारली. एक बाई उठून बसली. "तीन हायेत," ती म्हणाली. एक पोरगा तिच्या कुशीत आणि एक पायाशी, दोन्ही गोधडीच्या आत. मी नाव, वय, गाव विचारत गेले, ती सांगत गेली. मग तिनं विचारलं, "हे लिहून कुठं जातं?" मी म्हणाले, "वर कळवतात, सरकारला." ती म्हणाली, "मग हेबी कळवा, की पहाटे चारला पायऱ्या धुवायला पाणी मारतात. पोरं भिजतात."

माझ्या हातातल्या फॉर्मवर हे लिहायला रकाना नव्हता. मी तिच्याकडे बघून मान डोलावली आणि पुढे गेले. त्या मान डोलावण्याची लाज मला अजून वाटते.

पुढे आकडे आले. देशात घर नसलेली माणसं १७.७३ लाख. २००१ मध्ये ती १९.४३ लाख होती, म्हणजे कमी झाली असं वाटतं. पण शहरांचा आकडा वेगळा काढला की तो ७.७८ लाखांवरून ९.३८ लाखांवर गेलेला दिसतो. खेड्यांतला कमी झाला, शहरांतला वाढला. आपल्या महाराष्ट्रात दोन लाखांच्या वर. त्यात माझी ती तीन माणसं आहेत, एवढं मला ठाऊक आहे. पाणी मारण्याचं मात्र त्यात कुठेच नाही.

आणि ती एका रात्रीची मोजणी. फेब्रुवारी संपताना नाशिक जिल्ह्यात द्राक्षांची तोडणी जोरात असते. पेठ, सुरगाणा, हरसूलकडची कुटुंबंच्या कुटुंबं तेव्हा निफाड-दिंडोरीच्या बागांत कामाला असतात, बागेच्या कडेला झोपडं टाकून. जूनमध्ये तीच माणसं शहरात पुलाखाली, नाहीतर बांधकामाच्या शेडच्या आडोशाला सापडतील. घाटावरची माणसं पावसाळ्यात वर सरकतात. शिवरात्रीला त्र्यंबकला गर्दी, तेव्हा काही जण तिकडे. एका रात्रीची मोजणी देशासाठी लागते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण नाशिकला तेवढ्यावर भागत नाही.

वही सुरू झाली ती २०१९ च्या ऑगस्टात. त्या वर्षी गंगेला मोठा पूर आला. पाणी किती चढलं हे नाशिककर गंगेच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या उंच मूर्तीवरून सांगतात. पाणी मारुतीच्या गुडघ्याला, कमरेला, छातीला लागलं, की ज्याला त्याला कळतं, आता दुकान आवरायचं की गाडी हलवायची. पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं माप आहे ते, आणि सगळ्या गावाचं आहे. पाणी ओसरल्यावर आम्ही काही जण खिचडी घेऊन गेलो होतो. मी सहज विचारलं, "सगळे आहेत ना?" एकजण म्हणाला, "पितळी तांब्यावाले बाबा दिसंना." नाव काय? माहीत नाही. गाव? माहीत नाही. कुठे झोपायचे? "हितंच." चौकीत जाऊन सांगायचं तरी काय? पितळी तांब्या असलेला एक म्हातारा. पाण्याला अख्ख्या गावाचं माप आणि माणसांची साधी यादी नाही.

तीन आठवड्यांनी बाबा नाशिकरोडच्या फलाटावर भेटले, ठणठणीत. मी शाळेची उरलेली दोनशेपानी वही काढली आणि पहिल्या ओळीत त्यांचं नाव लिहिलं. ते त्यांनी मला परत परत वाचून दाखवायला लावलं.

तेव्हापासून दर गुरुवारी रात्री साडेनऊला आम्ही चौघं निघतो. मी, एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर, एक परिचारिका आणि मोबाइल दुरुस्तीचं दुकान असलेला एक मुलगा. गुरुवार एवढ्यासाठी, की बुधवारी गंगेवर आठवडे बाजार असतो. त्या रात्री बाहेरगावचे विक्रेते मालाशेजारीच झोपतात. पहिले दोन महिने आम्ही बुधवारी जायचो आणि त्यांनाही बेघरांत धरायचो. एका कांदेवाल्यानं चांगलंच फैलावर घेतलं, तेव्हा कळलं. कंडक्टर काकांची नजर अशी तयार, की चालता चालता डोकी मोजतात आणि एकाचाही फरक पडत नाही.

वहीत काय असतं? नाव, किंवा माणूस जे नाव सांगेल ते. गाव. किती दिवसांपासून. काम. कागद कोणते आहेत, आधार, रेशनकार्ड, बँकेचं पुस्तक. औषध चालू आहे का. आणि प्रत्येक गुरुवारची तारीख. माणूस दिसला तर बरोबरची खूण, नाही दिसला तर रिकामं. सलग तीन रिकामे चौकोन आले की शोधायला निघायचं. बाकी सगळं विसरलं तरी चालेल, हे तारखेचे चौकोन सोडायचे नाहीत. मोजणी आणि यादी यांत फरक एवढाच आहे. मोजलेला माणूस हरवला तर आकडा एकानं कमी होतो, यादीतला हरवला तर कोण हरवलं ते कळतं.

महिन्यातून एकदा आम्ही वही तिथेच वाचून दाखवतो. ही कल्पना माझी नाही. एकदा मी उजेडात पान तपासत होते, तर एका बाईनं विचारलं, "माझं काय लिवलंय?" मी वाचलं. कामाच्या रकान्यात मी 'बेकार' असं लिहिलं होतं. ती उभीच राहिली. "बेकार? मी पहाटे तीनला भंगार वेचायला निघते, बाई. अकरापर्यंत पाय टेकत नाही. खोडा ते." मी खोडलं, तिच्यासमोर. मग सगळ्यांनाच नव्यानं विचारलं. बाजार समितीत हमाली, लग्नात वाढपी, हॉटेलात भांडी, बिगारी, फुलांचे हार, पूजेचं सामान विकणं. जवळजवळ प्रत्येकाला काम होतं. 'बेकार' हा शब्द माझ्या डोक्यातून वहीत उतरला होता. ज्याची माहिती आहे त्याला ती दाखवली नाही तर अशा चुका वर्षानुवर्षं राहतात आणि मग त्यांवर योजना आखल्या जातात.

मुंबईत फुटपाथवरच्या माणसांची अशी गणना १९८५ मध्येच झाली होती. फुटपाथवरची घरं पाडण्याचा खटला सर्वोच्च न्यायालयात होता. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं न्यायालयानं त्या वर्षीच्या जुलैत म्हटलं, पण नोटीस देऊन झोपड्या हटवायला मुभाही दिली. त्या सुमाराला भायखळ्याच्या भागात स्पार्क या संस्थेनं फुटपाथवर राहणाऱ्यांची गणना केली. साधारण ६ हजार कुटुंबं, २७ हजार माणसं. तोवर ही माणसं कुठल्या कागदावर नव्हती. १९७६ ची झोपडपट्टी गणना झाली तीत फुटपाथ धरलाच नव्हता. पुढे त्याच फुटपाथवरच्या बायकांनी महिला मिलन ही संघटना उभी केली, स्वतः मोजायला शिकल्या, स्वतःच्या घरांचे नकाशे काढले. मला त्यांचा फार आधार वाटतो. आपली गणना आपण केली की 'किती आहात?' या प्रश्नाला कोणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही.

हा प्रश्न फार वेळा तोंडावर फेकला जातो. "आधी नक्की आकडा आणा, मग निवाऱ्याचं बघू." खरं तर केंद्राच्या शहरी बेघर निवारा योजनेत, म्हणजे २०१३ मध्ये सुरू झालेल्या आणि २०२४ मध्ये संपलेल्या उपजीविका अभियानात, नियम साधा होता. शहराच्या दर एक लाख लोकसंख्येमागे किमान १०० जणांची कायमची सोय. बेघर किती हे त्यासाठी ठरवावं लागतच नव्हतं. नाशिकची लोकसंख्या २०११ लाच १४.८६ लाख होती. म्हणजे जवळपास १,५०० माणसांची सोय, तीही जुन्या लोकसंख्येवर. तेव्हा आकडा नाही म्हणून काम अडलंय असं कोणी म्हटलं, की मी हा हिशोब पुढे ठेवते.

आकड्यापेक्षा उपयोगी निघाला तो आमचा एक वेगळाच रकाना: 'निवाऱ्यात का जात नाही?' लोक समजतात, यांना उघड्यावरच आवडतं. उत्तरं ऐका. नवरा-बायकोला वेगळं झोपवतात. गाठोडं आत नेऊ देत नाहीत, बाहेर ठेवलं तर चोरीला जातं. आधार मागतात. बाजार समितीत पहाटे चारला गाडी लागते, निवाऱ्यातून पोचायला दोन तास आधी उठावं लागेल. एक मुलगी म्हणाली, "दार आतून लागत नाही." तिचं वय मी इथे लिहीत नाही. या पाच वाक्यांवर काम केलं तर खाटा भरतील. हे वाक्यांचं पान मी हव्या त्या कार्यालयाला आनंदानं देते.

आता पहिल्या वहीबद्दल.

काही वर्षांपूर्वी एका कार्यालयातून फोन आला. ब्लँकेटं वाटायची आहेत, कोण कुठे झोपतं ते द्या. तोवर आमची वही एकच होती आणि मोबाइलवाल्या मुलानं तिचा छान तक्ता करून दिला होता. नाव, वय, झोपण्याची जागा. मी तो पाठवला. मनापासून पाठवला, कारण थंडी होती आणि डिसेंबरात गंगेवरचं वारं अंगात शिरतं.

ब्लँकेटं आली नाहीत. आठ-दहा दिवसांनी शहरात कोणीतरी मोठे पाहुणे येणार होते. पहाटे पाचला ट्रक आला आणि गाठोडी उचलून नेली. मी सातला पोचले. लोक सांगत होते, ट्रक आधी कुठे थांबला, मग कुठे, मग कुठे. ऐकता ऐकता माझे हात गार पडले. तो क्रम आमच्या तक्त्याचा होता. एका बंद दुकानामागच्या ओट्यावर दोन भाऊ झोपायचे, ती जागा रस्त्यावरून दिसतसुद्धा नाही. ट्रक तिथेही गेला होता. कार्यालयात विचारलं तर, "आमचा संबंध नाही, तो दुसरा विभाग." माझ्याकडे पुरावा नाही. पण तो ओटा त्या तक्त्याखेरीज कुठेच लिहिलेला नव्हता.

गाठोड्यांबरोबर कागदाच्या पिशव्या गेल्या. आधार, दवाखान्याच्या चिठ्ठ्या, एका बाईच्या मुलाचा शाळेचा दाखला. पितळी तांब्याही गेला. बाबा त्या सकाळी मला काही बोलले नाहीत. नुसते बसून होते, तांब्या जिथे उशाशी असायचा तिथे हात ठेवून. पुढच्या गुरुवारी ते नव्हते. त्याच्या पुढच्याही. नाशिकरोड, सीबीएस बसस्थानक, त्र्यंबक, सगळीकडे शोधलं. वहीतली पहिली ओळ तेव्हापासून रिकामी आहे. ज्या वहीमुळे त्यांचं नाव मला कळलं, त्याच वहीतून त्यांची जागा मी दुसऱ्याला सांगितली.

म्हणून दोन वह्या झाल्या. आपल्याकडे १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा अजून आहे. उघड्यावर बसलेला माणूस भीक मागून जगत असावा असं वाटलं, तरी त्याखाली त्याला वॉरंटशिवाय पकडता येतं. अशा ठिकाणी 'कोण कुठे झोपतं' ही माहिती म्हणजे त्या माणसाचा गळा आहे. नावांची वही आमच्या चौघांपलीकडे जात नाही. मोबाइलमधला तक्ता पुसून टाकला. दुसऱ्या वहीत फक्त भाग आणि बेरीज: द्वारका परिसरात इतके पुरुष, इतक्या बायका, इतकी मुलं, इतक्यांना आधार नाही, इतक्यांची टीबीची औषधं चालू. एखाद्या जागी पाचपेक्षा कमी माणसं असतील तर ती जागा वेगळी दाखवायची नाही, शेजारच्या भागात मिळवायची, नाहीतर आकड्यावरूनच माणूस ओळखता येतो. आणि कोणीही, कधीही "माझं नाव काढा" म्हटलं की त्याच्यासमोर खोडायचं, कारण विचारायचं नाही.

माहिती अजिबात द्यायचीच नाही, असंही नाही. एका माणसाचं काम असेल तर त्या एकाची, त्याच्या संमतीनं आणि त्याला बरोबर घेऊन देते. मतदारयादीचं बघा. घर नसलेल्यालाही नाव नोंदवता येतं. सहा नंबरचा फॉर्म भरायचा, पत्ता म्हणून झोपण्याची जागा लिहायची. पत्त्याचा पुरावा लागत नाही. बीएलओनं, म्हणजे मतदान केंद्रापुरती मतदारयादी सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यानं, रात्री तिथे जाऊन तो माणूस खरंच तिथे झोपतो का ते पाहायचं, एकापेक्षा जास्त रात्री. हे पुष्कळ बीएलओंनाही माहीत नसतं. त्या भंगार वेचणाऱ्या बाईचा फॉर्म भरला, तेव्हा बीएलओ म्हणून आलेली शिक्षिका बिचारी दोन्ही वेळा भावाला सोबत घेऊन आली. दुसऱ्या रात्री बाईनं तिच्यासाठी चहा आणून ठेवला होता. कार्ड आलं तेव्हा त्यावर पुलाच्या खांबाचा नंबर पत्ता म्हणून छापून आला होता. बाईनं ते प्लॅस्टिकच्या तीन पिशव्यांत गुंडाळलं.

आणि पावसाळा. गंगापूर धरणातून विसर्ग सोडणार असं कळलं, की आम्ही कुलपातली वही काढतो. कोणाला चालता येत नाही, कोणाला रात्री दिसत नाही, कोण दारू प्यायल्यावर हाकेला उठत नाही, हे तिच्यात आहे. गाडगे महाराज पुलाच्या आजूबाजूला अशी माणसं कायम असतात. त्या पुलाचं नाव लिहिताना मला दर वेळी महाराजांच्या दशसूत्रीतलं 'बेघरांना आसरा' आठवतं. पाणी मारुतीच्या पायाला लागायच्या आत कंडक्टर काका एकेकाला नावानं हाक मारत जातात. नावानं हाक मारली की माणूस उठतो. "ए, उठा" म्हटलं की कूस बदलून झोपतो, कारण तसं त्याला रोजच कोणी ना कोणी उठवत असतं.

यंदा घाई आहे ती दोन गोष्टींची. २०२१ ची जनगणना कोविडमुळे राहिली, ती आता होते आहे आणि तिची संदर्भवेळ १ मार्च २०२७ च्या मध्यरात्रीची आहे. सिंहस्थही २०२७ चाच. त्याच्या कामांमुळे घाटावरच्या जागा हलताहेत आणि कामावर नवी माणसंही येताहेत. जनगणनेत दिलेली वैयक्तिक माहिती कायद्यानं गुप्त असते, न्यायालयातही पुरावा म्हणून वापरता येत नाही. म्हणून माझ्या जुन्या शाळेतली एक प्रगणक मुलगी विचारायला आली, तेव्हा मी तिला यादी दिली नाही, पण म्हणाले, बेघरांच्या मोजणीच्या रात्री मी तुझ्यासोबत चालेन. गोधडी दिसली की खाली बसायचं, एवढं मी तिला आताच सांगून ठेवलंय.

तोवर आम्हाला एक माणूस हवाय. पेठ-सुरगाण्याकडची कोकणा बोली येणारा किंवा येणारी. पुलाखालच्या नव्या कुटुंबांशी आमच्या मराठीत बोलणं अर्धवट राहतं आणि बायका तर बोलतच नाहीत. गुरुवारी रात्री साडेनऊ, दुतोंड्या मारुतीपाशी. चपला चांगल्या घाला, पायऱ्या निसरड्या असतात. बॅटरी आणलीत तर जमिनीकडे धरा, कोणाच्या तोंडावर मारू नका. फोटो काढायचे नाहीत.